एकशे तेरा ते एकशे अठ्ठावीस

चारुदत्त केळुसकरांना आयुष्यात एकाच गोष्टीची खात्री होती. परीक्षणाला आलेलं पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचल्याखेरीज त्यांनी त्यावर कधी एक ओळ लिहिली नव्हती. बाकी सगळ्याबद्दल शंकाच. आपली भाषा जुनाट झाली, नव्या लोकांचं लिहिणं आपल्या डोक्यावरून जातं, पुण्याचं ते साप्ताहिक केवळ जुन्या ओळखीखातर आपल्याला पुस्तकं पाठवतं, असं त्यांना मनोमन वाटे.

सिंगापूरच्या मरीन परेड भागात लेकीकडे राहायला आल्यावरही परीक्षणं सुटली नव्हती. परीक्षणासाठी दोन प्रती द्यायचा रिवाज, पण सिंगापूरला येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून, वजन सांभाळत, एकच प्रत यायची. दुसरी पुण्यातच राहायची.

संजीवनी टिळेकरांची कादंबरी अशीच आली होती. पहिलंच पुस्तक, वडिलांना अर्पण केलेलं. केळुसकरकाकांचं परीक्षण फेब्रुवारीत छापून आलं, आणि ते वाचून इथल्या वाचनकट्ट्याने पुस्तकाच्या सहा प्रती मागवल्या. मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी लिटिल इंडियाजवळ मधुवंतीच्या फ्लॅटवर सगळे जमले. काकांना मानाची खुर्ची दिली होती. तिच्या टोकाशी ते अंग चोरून बसले होते.

"काका, रागावू नका," अभय म्हणाला. तो एका बँकेत आयटी मॅनेजर, तोंडाने तिखट. "पण तुम्ही लिहिलंय, मुलगी बापाच्या शेवटच्या दिवसांत फिरकतही नाही. हे काही झेपलं नाही."

"नाहीच ना फिरकत," काका हळूच म्हणाले. "आणि लेखिका तिची बाजूही घेत नाही. ते मौन मला धीट वाटलं."

चहाचा ट्रे घेऊन आलेली मधुवंती जागीच थबकली.

"अहो काका, ती एकोणीस रात्री त्याच्या उशाशी बसून असते!"

"कुठे?"

"कुठे म्हणजे? हॉस्पिटलात. मी तर ते वाचताना एमआरटीत रडले. माझं स्टेशनच चुकलं."

"आमच्या ऑफिसात रिपोर्ट असेच वाचतात," अभय हसला. "पहिलं पान, शेवटचं पान, खाली सही. काका, तुम्हीसुद्धा?"

सगळे हसले. हसण्यात द्वेष नव्हता, पण काकांच्या कानांत गरम वाफ गेल्यासारखं झालं. त्यांनी पिशवीतून आपली प्रत काढली. पेन्सिलीच्या खुणांनी भरलेली, पानापानाला हात लागलेली. एकशे बारा. समोरच एकशे एकोणतीस.

त्यांनी मागेपुढे चाळून पाहिलं. पानं चिकटलेली नव्हती, फाटलेलीही नव्हती. मधली पानं मुळात नव्हतीच.

"सोळा पानं," ते पुटपुटले. "बांधताना अख्खा फर्मा राहिलाय."

"मग सुटलात की!" मधुवंती म्हणाली. "यात तुमची काय चूक?"

खोलीतला ताण सैलावला. अभयने कान पकडले. पण काकांचं बोट एकशे एकोणतीस पानाच्या समासावर होतं. तिथे त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: "इथे केवढी उडी! का?" आणि त्याखाली, जरा बारीक: "मला कळत नसावं."

उडी त्यांना दिसली होती. हे नवं लिहिणं असेल, विचारलं तर आपलंच अज्ञान उघडं पडेल, म्हणून त्यांनी तिला धीट मौन म्हटलं होतं. पानाचा आकडा तेवढा पाहिला नव्हता.

मधुवंतीची प्रत घेऊन ते खिडकीशी गेले. मुलगी बापाचे ओठ ओल्या कापसाने टिपत होती. तो तिला ओळखत नव्हता. आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारत होता, आणि ती त्या नावाला ओ देत होती. सोळा पानं वाचून होईपर्यंत त्यांचा चहा थंड झाला.

मग त्यांना परीक्षणानंतर आलेला संजीवनीचा मेसेज आठवला. "वाचलं. आपण म्हणता तसंच असेल." काकांना तो विनय वाटला होता.

प्लंबरला फोन करायचा तरी लेकीला पुढे करणाऱ्या काकांनी तिथेच उभ्याउभ्या तिचा नंबर लावला.

"मी केळुसकर. सिंगापूरहून."

"हो सर. बोला."

"आधी बाइंडिंगचं सांगा," अभय कुजबुजला.

"संजीवनीताई, तुमचं पुस्तक पुरतं न वाचताच मी त्यावर लिहिलं." काका म्हणाले. "माझ्या प्रतीत एकशे तेरा ते एकशे अठ्ठावीस पानं नव्हती. पण काहीतरी गाळलंय हे मला जाणवलं होतं. मी तपासलं नाही."



"सर, दादाने तुमच्या परीक्षणाचं कात्रण घरच्या ग्रुपवर टाकलं होतं," ती म्हणाली. "खाली लिहिलं होतं, बघा, परक्या माणसालाही कळलं ही कशी वागली ते. दादा बाबांच्या त्या एकोणीस दिवसांत एकदाच आला होता. पण सगळ्यांनी त्याचंच खरं मानलं."

काकांनी खिडकीचा गज धरला. आपलं लिहिणं कुणी वाचतं की नाही, याचीच त्यांना आजवर शंका होती.

"पुढच्याच अंकात छापायला लावतो," ते कसेबसे म्हणाले. "चूक माझी, असं माझ्या नावानिशी."

"ते छापाच. पण सर, ती पानं आता वाचलीत?"

"आत्ताच."

"मग मला सांगा. तीन महिने कुणी बोललंच नाही त्यांच्याबद्दल."

काकांनी डोळे पुसले, मधुवंतीची प्रत पुन्हा उघडली, आणि या वेळी आधी आकडा पाहिला.

"एकशे एकोणीस पानावर," ते म्हणाले, "तो हाक मारतो, आणि ती ओ देते..."