परिचयातून वगळलेली पिल्लं

गुरुत्वाकर्षणावर मात करून मानवाने जे आकाश जिंकले, त्या आकाशात आज आमच्या कुळाची ध्वजा डौलाने फडकत आहे.

हे वाक्य माझं आहे. गेल्या गणपतीत, झाशीच्या आमच्या मराठी मंडळात, एकशे चाळीस माणसांसमोर मी ते माइकवरून वाचलं. ध्वजेच्या मागच्या बाजूला, सामानाच्या जागेत, कोंबडीची बारा हजार पिल्लं होती. एवढा तपशील मी वगळला.

ध्वजा म्हणजे माझी मुलगी शलाका, वय सत्तावीस. एका छोट्या मालवाहू विमान कंपनीत ती सहवैमानिक आहे. कंपनी किती छोटी? विमानं तीन, त्यातलं एक कायम दुरुस्तीला. विमानं पंख्याची. आत खुर्च्या नाहीत, खिडक्या बुजवलेल्या. कुरिअरची पार्सलं, औषधं, मोबाइल, कधी जिवंत खेकडे, आणि कोलकात्याहून ईशान्येकडे एक दिवसाची कोंबडीची पिल्लं. ज्या पक्ष्याला जन्मभर धड उडता येणार नाही, त्याला माझी मुलगी पहिल्याच दिवशी ढगांच्या वर नेऊन आणते.

यात लाज वाटण्यासारखं काय आहे? मी बत्तीस वर्षं इथल्या सरकारी कारखान्यात ट्रान्सफॉर्मर बनवले. ट्रान्सफॉर्मरमध्येही प्रवासी बसत नाहीत. त्याची मला एक दिवस लाज वाटली नव्हती.

पण शलाकाला लायसन्स मिळाल्यावर चार वर्षं कुणी विमानाजवळ उभं केलं नाही. ती एका कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवत राहिली. खंडेराव गेटजवळचा माझा भाजीवाला रोज विचारायचा, "भाईसाहब, बिटिया का जहाज उड़ा कि नहीं?" तोंडली तोलता तोलता विचारायचा, त्यामुळे रागावताही येत नसे. शेवटी मी भाजी दुसरीकडून आणू लागलो. ती महाग होती आणि शिळीही.

मग एक दिवस तिचा फोन आला. "पापा, लग गई नौकरी!" मागे कसलीतरी घरघर होती, त्यावरून ती ओरडून बोलत होती. कंपनी काय, विमान कुठलं, कॅप्टन कसे, सगळं एका दमात सांगितलं. मी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि पॅसेंजर कधीपासून?"

घरघर कमी झाली. ती कुठेतरी आडोशाला गेली असावी.

"पापा, कार्गो है. कार्गोच आहे ना."

"हो हो. सुरुवातीला चालतं," मी म्हणालो. हे मी तिचं सांत्वन म्हणून म्हणालो होतो. तिला सांत्वन हवं होतं असं कुणी सांगितलं, ते मला आजही माहीत नाही.

मंडळात मी एवढंच सांगितलं की शलाका एअरलाइनमध्ये लागली. यात खोटं काही नव्हतं. खोटं अरुंधती काकूंनी आणलं, मी फक्त ते आत घेतलं.

अरुंधती काकू म्हणजे बबिन्याच्या लष्करी छावणीतून निवृत्त झालेल्या सुभेदार मेजरसाहेबांच्या पत्नी. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, पण सगळ्या मंडळाच्या काकू. त्या दिल्लीहून पुण्याला विमानाने जाऊन आल्या होत्या.

"दिवाकरजी, आमची पायलट बाई होती हो. आवाज अगदी आपल्या शलाकासारखा. तीच असेल का?"

या प्रश्नाला 'नाही' हे दोन अक्षरी उत्तर आहे. मी तीन अक्षरी दिलं. म्हणालो, "असेल."

नंतर माझं काही काम उरलं नाही. दिवाळीपर्यंत पायलट बाईने स्वतःचं नाव सांगितलेलं होतं. संक्रांतीला तिने कॉकपिटच्या दारातून हात हलवला. पाडव्याला तर ती काकूंपाशी येऊन गुडघ्याची चौकशी करून गेली. दर सणाला काकू तो प्रवास नव्याने करत आणि दर वेळी माझ्याकडे बघत. मी मान हलवत असे. इतक्या आपुलकीने वाढवलेली थाप मोडायची म्हणजे जिवावर येतं.

आता मंडळाच्या गुणगौरवाबद्दल. गणपतीत एका संध्याकाळी सिव्हिल लाइन्समधल्या हॉलमध्ये सभासदांच्या मुलांचा सत्कार होतो. शाल, नारळ आणि परिचय. परिचय बापाने किंवा आईने वाचायचा, तोही शुद्ध मराठीत. चुकून हिंदी शब्द आला की सभागृहातून "मराठीत!" असा पुकारा होतो. त्यामुळे एरवी घरात 'चम्मच दे' म्हणणारी माणसं त्या संध्याकाळी 'प्रज्ञावंत' आणि 'देदीप्यमान' म्हणतात. मुलं खाली बसून मोबाइल बघतात.

त्या वर्षी शलाकाचं नाव होतं आणि ती चार दिवसांच्या सुट्टीवर आली होती. दुपारी ती ओट्यावर बसून चिवडा खात होती. मी टेबलाशी परिचय लिहीत होतो.

"पापा, क्या लिखा? सुनाओ ना."

"अगं, जड मराठी आहे. तुला कळायचं नाही."

तिने चिवड्यातला एक शेंगदाणा निवडला, बघितला, तोंडात टाकला. "अच्छा," म्हणाली.

आतून बायको, अनुराधा, म्हणाली, "अहो, तिला सगळं कळतं. बोलत नाही एवढंच."

ते मी ऐकलं नाही. ऐकू येणं साठीनंतर कमी होतं म्हणतात. अनुराधाच्या बाबतीत माझं जरा आधीच झालं होतं.

झाशीतल्या आम्हा मराठी आईबापांची ही पक्की समजूत आहे की मूल मराठी बोलत नाही, म्हणजे त्याला कामापुरत्या वाक्यांपलीकडे मराठी कळत नाही. वीस वर्षं आम्ही नवराबायको तिच्यासमोर नातेवाइकांचे दोष, शेजाऱ्यांची भांडणं आणि तिच्या मार्कांची चिंता मराठीत बोलत आलो. तिला त्यातलं कळत असेल, तर आमच्याबद्दल तिला एवढं माहीत होतं की तिने घर सोडून उडायला जाणं अगदी स्वाभाविक होतं. पण हा विचार मला नंतर सुचला. त्या दुपारी मी निर्धास्तपणे 'सहस्रावधी प्रवाशांच्या प्राणांची धुरा लीलया वाहणारी' असं लिहिलं आणि खाली रेघ मारली.

निघताना मी म्हणालो, "युनिफॉर्म घाल. ते गळ्यातलं कार्ड काढ, फोटोत चमकतं."

कार्डावर कंपनीचं नाव होतं आणि नावात 'कार्गो' होतं. तिने कार्ड काढून खिशात ठेवलं. एवढं निमूट ऐकणारी ती मुलगी नव्हे. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

परिचय उत्तम झाला. 'गगनविहारिणी'ला टाळ्या पडल्या. 'सहस्रावधी प्रवाशां'ना जास्त पडल्या. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून शलाकाकडे पाहिलं. ती मोबाइल बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती, आणि एकेक शब्द कळत असलेल्या माणसासारखी बघत होती.

अध्यक्षा कुसुमावतीबाई, वय ब्याऐंशी, यांनी तिला शाल घातली. नारळ माझ्या हातात दिला. "दोन शब्द बोल ग," म्हणाल्या.

शलाका माइकसमोर उभी राहिली. "नमस्कार. माझी मराठी कच्ची आहे. पण कळते. पापांनी जे वाचलं, ते सगळं मला कळलं. मला विमान उडवायला खूप आवडते. एवढंच."

ती खाली यायला वळली, तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून अरुंधती काकू उठल्या. "थांब ग शलाका. एकदा सगळ्यांसमोर सांगून टाक. माझ्या पुण्याच्या विमानात तूच होतीस ना? गुडघ्याचं विचारलंस ती?"

एकशे चाळीस माना तिच्याकडे वळल्या. तिने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, आरशात बघून गाडीची लेन बदलावी तेवढाच.

"हो काकू," ती म्हणाली. "मीच होते. आता कसा आहे गुडघा?"

टाळ्या झाल्या. अरुंधती काकूंचा चेहरा मात्र मी पाहिला. आपली थाप खरी निघाल्यावर माणूस कसा दचकतो, ते मला पहिल्यांदा बघायला मिळालं.

शलाकाने एकदा मला सांगितलं होतं की त्यांच्या कामात चूक झाली तर ती आपण होऊन लिहून द्यायची असते. उतरताना चाक जरा जोरात टेकलं तरी लिहायचं. लपवलं तर नोकरी जाते. तिने अशा दोन चुका लिहून दिल्या होत्या आणि मला ते अभिमानाने सांगितलं होतं. मी तेव्हा म्हणालो होतो, कशाला लिहिल्यास, कुणी बघितलं होतं? तर अशी ती मुलगी युनिफॉर्ममध्ये, खांद्यावर पट्ट्या लावून, माझ्यासाठी सगळ्या मंडळासमोर खोटं बोलली. तेही मराठीत. त्या संध्याकाळपर्यंत ती मंडळात मराठीत बोलली नव्हती.

खाली बसावं असं फार वाटत होतं. अजूनही बसता आलं असतं, कार्यक्रम पुढे गेला असता, आणि पुढच्या पाडव्याला काकूंनी आणखी भर घातली असती. शलाका सुट्टी संपवून गेली असती आणि मग फोनवर "सब ठीक है पापा" एवढंच बोलली असती. तशीही ती हल्ली तेवढंच बोलत असे. ते का, हे मला तिथे, नारळ धरून उभं असताना कळलं.

मी माइक ओढला. नारळ कुठे ठेवावा समजेना, म्हणून तो घेऊनच बोललो.

"मंडळी, एक दुरुस्ती आहे. ती कार्गो उडवते. तिच्या विमानात प्रवासी नसतात, सामान असतं. सहस्रावधी वगैरे मी घातलं. ती पुण्याच्या विमानात नव्हती. काकूंनी विचारलं तेव्हा मी असेल म्हणालो. मला कार्गो म्हणायची शरम वाटली. आत्ता ती जे बोलली, ते माझ्यामुळे बोलली."

'शरम'ला कुणी "मराठीत!" म्हणालं नाही. अरुंधती काकू हळूच खाली बसल्या आणि पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. स्वतःची चूक कबूल करताना मी त्यांचीही परस्पर करून टाकली होती. एका शरमेत दुसरी सापडली.

अनुराधा पहिल्या रांगेत सरळ बसून होती. तिला माझी दया आली नव्हती, हे दुरूनही दिसत होतं.

शलाका खाली बघत होती. तिला वाईट वाटलं की बरं, मला समजेना. पायलट लोकांना चेहरा स्थिर ठेवायला शिकवतात की काय कोण जाणे.

पहिला प्रश्न कुसुमावतीबाईंनी विचारला. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे माझ्या भाषणातली कबुली त्यांच्यापर्यंत पोचली नसावी. फक्त सामान पोचलं.

"सामान म्हणजे काय नेतेस ग?"

"आजी, चूज़े."

"म्हणजे?"

"कोंबडीचे बच्चे."

"पिल्लं!" सभागृहातून दुरुस्ती आली.

"हां, पिल्लं. एका खेपेत बारा हजार."

"बारा हजार?" कुसुमावतीबाईंनी शाल सावरली. "मरत नाहीत का बिचारी?"

"नाही ना आजी. त्यांना गर्मी होते. सगळी चिकटून बसतात ना, म्हणून हवा ठंडी ठेवावी लागते. डब्याला होल असतात. इंजन सुरू व्हायच्या आधी कॉकपिटपर्यंत ऐकू येते, चिव चिव चिव, इतकं की रेडिओ ऐकायला होत नाही. मग इंजन चालू केलं की एकदम चुप्प. बारा हजार एकसाथ. मला दर वेळी हसायला येते. कॅप्टन सर म्हणतात, देखो, पॅसेंजर डर गए."

आणि ती हसली. नोकरी लागल्याच्या दिवशी फोनवर जो आवाज होता, तो.

कुसुमावतीबाईंनी अकरा सेकंदांत विचारलं, ते मी अकरा महिन्यांत विचारलं नव्हतं.

मग कार्यक्रम असा राहिलाच नाही. माणसं उठून तिच्याभोवती जमली. पिल्लांना पाणी कोण पाजतं, वास येतो का, एखादं निसटलं तर काय करता. दोन मिनिटांनी अरुंधती काकूही गुडघा सावरत गर्दीत शिरल्या आणि सगळ्यांच्या वरून विचारलं, "आणि खेकडे? खेकड्यांचं काय करता ते सांग." शलाकाने त्यांना पुढे घेतलं, हाताला धरून.

मागे जेवणाची टेबलं लागली. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलो आणि तिची माफी कशी मागायची ते जुळवू लागलो. आधी 'पित्याच्या अंतःकरणातली सल' असं काहीतरी आलं, ते मी खोडलं. मग साध्या मराठीत जुळवलं, मग हिंदीत. हिंदीत ते फार सिनेमासारखं झालं. शेवटी काहीच न जुळवता उठलो आणि गर्दीच्या कडेला जाऊन उभा राहिलो. नारळ अजून हातातच होता.

"शलाका," मी म्हणालो, "मला तुझ्याशी जरा बोलायचं आहे."

तिने माणसांच्या डोक्यांवरून माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या मागे, टेबलांकडे पाहिलं.

"पापा, बाद में. तिकडे अळूवड्या संपून राहिल्या आहेत. दोन पकडून ठेवा ना माझ्यासाठी."