बाईच्या पायानं गेलेला दम

हसनाबादला अप्पाराव मिस्तरीकडे गाडी नेली की तो तिला आधी हात लावायचा नाही, पाय लावायचा. किकच्या दांडीवर उजवा पाय ठेवायचा, डावा उचलायचा आणि सगळा देह दांडीवर सोडून आभाळाकडे बघायचा. दांडी थांबली तर इंजिनात दम आहे, खाली बसली तर दम गेला. दम म्हणजे कंप्रेशन, पिस्टन वर आल्यावर आतल्या हवेचा होतो तो दाब. तो मोजायचं मीटर मिळतं, पण अप्पारावला त्याची गरज नव्हती. "मीटर खोटं बोलंल, पाय बोलत न्हाई," असं तो म्हणायचा आणि बाकड्यावर चहा पीत बसलेले शहाणेसुरते लोक माना डोलवायचे.

त्र्याण्णव सालच्या दिवाळीनंतर आमची फटफटी त्या पायाखाली गेली. जुनी टू-स्ट्रोक, कुठूनही येताना आधी धूर दिसायचा आणि मग आम्ही. घेतली होती माझ्या पगारातून, पण नावावर होती आमच्या सर्जेरावांच्या. ते शाळेत गणित शिकवायचे. मी उपकेंद्रावर नर्स. लसीकरणाची चार गावं माझ्याकडे होती आणि त्यांतल्या तीन गावांना एसटी जात नव्हती, सगळे काळ्या मातीचे रस्ते. सुरुवातीला सर्जेराव मला सोडायला यायचे, म्हणजे त्यांना वेळ असेल तेव्हा. मग मीच चालवायला शिकले. पंजाबी ड्रेस घालून, लसीचा डबा मागे बांधून जायला लागले. गावाला महिनाभर बोलायला विषय मिळाला. मी वर्षभर एकही फेरी चुकवली नाही, त्यावर मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही.

तर गाडी चार-पाच दिवसांपासून किक खात होती. वीस-वीस किका मारल्यावर सुरू व्हायची, चढाला रडायची. अप्पाराव दांडीवर उभा राहिला. दांडी खाली बसली.

"दम गेला गुरुजी," तो सर्जेरावांना म्हणाला. माझ्याकडे त्यानं पाहिलंही नाही. "बिलकुल गेला. आता सिलिंडर घासून बोर करून बी फायदा न्हाई."

"आसं कसं झालं?"

"राग नका मानू. बाईमाणसाच्या पायाचं काम हाये हे. बाईमाणूस अर्धी किक मारतंय. रोज अर्धी किक खाऊन खाऊन गाडीला दम सोडायची सवय लागती."

हे ऐकून कोणीतरी हसेल असं मला वाटलं. कोणी हसलं नाही. गणिताचा शिक्षक असलेला माझा नवरा गंभीर चेहऱ्यानं मान हलवत होता. बहुतेक मनातल्या मनात अर्धी किक गुणिले तीनशे पासष्ट करत असावा.

घरी आल्यावर निकाल लागला. अप्पारावचा साडू रविवारी भोकरदनहून येणार होता, मिळेल त्या भावात गाडी त्याला देऊन टाकायची.

"आन माझी गावं?" मी विचारलं.

"चालत जा. न्हाईतर बदली माग. बरं झालं एका अर्थी, लोक लई बोलून राह्यले व्हते."

म्हणजे दुखणं गाडीचं नव्हतंच. मला रडू नाही आलं, संताप आला. तीन गावांतली लेकरं माझी वाट बघणार, आणि मी बर्फ वितळायच्या आत डबा डोक्यावर घेऊन चिखल तुडवत पोचायचं. का, तर अप्पारावच्या पायाला तसं वाटलं.

शनिवारी दुपारी उपकेंद्रात मी सुया-सिरिंजा कुकरमध्ये उकळत होते. कुकरच्या कडेनं वाफ फुसफुसत होती, शिट्टी होत नव्हती. मी झाकण काढलं, रिंग फिरवून नीट बसवली, झालं काम. आणि हात तसाच थांबला. कुकर दाब धरत नसेल तर मी आधी रिंग बघते. कुकर कुणाच्या साडूला विकत नाही.

गाडी किक मारताना असाच आवाज करायची. आणि हे सगळं सुरू झालं ते अप्पारावनं प्लग रॉकेलात बुडवून साफ करून दिला त्या दिवसापासून. त्याआधी माझ्या त्याच पायाच्या त्याच किकनं ती रोज सुरू होत होती.

घरी येऊन वाटीत साबणाचा फेस केला आणि प्लगच्या बुडाशी सगळीकडून लावला. मग किकची दांडी हातानं सावकाश दाबली. एका बाजूनं फेसाचे टचटचीत बुडबुडे आले. प्लग खोलला. त्याच्या बुडाला तांब्याचं वायसर असतं ना, फट बंद करणारी चकती, ते नव्हतंच. डिकीत जुना, बाद झालेला प्लग पडला होता, त्याचं वायसर काढून बसवलं आणि प्लग पान्यानं आवळला. गाडी दुसऱ्या किकला सुरू झाली.

सर्जेराव शाळेतून आले तेव्हा ती अंगणात फटफटत होती.

"चालू झाली म्हंजे नीट झाली आसं न्हाई," ते म्हणाले. "मिस्तरीला बघू दे."

रविवारी मी सोबत गेले. साडू आधीच येऊन बसला होता. अप्पाराव दांडीवर चढला. दांडी खाली बसली.

"बघा. काय म्हणलो व्हतो मी?"

सर्जेरावांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं बेरीज चुकलेल्या पोराकडे बघतात. क्षणभर माझाही धीर सुटला. पण नीट झालेली गाडी नापास होत असेल, तर तपासावा लागेल तो परीक्षक. म्हणून मी गाडीकडे बघायचं सोडून अप्पारावकडे बघितलं. पंधरा दिवसांपूर्वी चक्कर येते म्हणून तो उपकेंद्रावर आला होता, तेव्हा मीच त्याचं वजन केलं होतं. अठ्ठ्याण्णव किलो.

"मिस्तरी," मी म्हणाले, "रामराव पाटलांच्या गाडीवर उभं राहा बरं."

पाटलांची गाडी दोन महिन्यांपूर्वी जालन्याहून आणलेली, कोरी. आरसा बसवायला आली होती. "राहा की," पाटील कौतुकानं म्हणाले. अप्पाराव चढला. दांडी भसकन खाली गेली.

पाटलांचा चेहरा उतरला. "ह्याचा बी दम गेला?"

अप्पाराव जरा घोटाळला. पण मुरलेला माणूस. "पाटील, घरातलं बाईमाणूस किक मारतंय का?"

"आमचं बाईमाणूस उंबऱ्याच्या बाहेर निघत न्हाई," पाटील गरजले.

"मंग हा पाय कोणाचा?" मी विचारलं.

मी आधी पाटलांच्या दांडीवर उभी राहिले, मग आमच्या. दोन्ही दांड्या मला घेऊन शांत उभ्या राहिल्या.

"तुम्ही दुकान टाकलं तव्हा काडीसारखे व्हते म्हणं," मी म्हणाले. "तव्हा तुमचा पाय बराबर सांगत आसंल. दम गाड्यांचा न्हाई गेला मिस्तरी, तुमचं वजन वाढलं. आन आमच्या प्लगचं वायसर तुमच्याच रॉकेलच्या डब्यात सापडंल, काढून बघा."

त्यानं डब्यात हात घातला. सापडलं. बाकड्यावर बसलेल्या भिवानं चहाची बशी हळूच खाली ठेवली. अप्पारावच्या पायाचं ऐकून त्यानं पैसे मोजून गाडीचा दोनदा बोर करून घेतला होता. गावात असे नऊ जण होते, आणि भिवा आता एकेकाचं नाव पुटपुटत होता. साडूला अचानक भोकरदनची एसटी आठवली.

"मी तर पयल्यापासून म्हणत व्हतो, गाडी चांगली हाये," सर्जेराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. मग माझ्यापुढे हात केला. "आण किल्ली. उद्यापासून मीच सोडीत जाईन तुला."

मी किल्ली लावली, किक मारली, पूर्ण.

"अहो, मी चालवते. यायचं तर मागं बसा."

बाकड्यावर सात माणसं होती, ती सर्जेरावांनी डोळ्यांनी मोजली. घर दोन किलोमीटर होतं आणि ऊन मोप होतं. ते बसले. चावडीपाशी कोणीतरी हटकलंच, "काय गुरुजी, आज मागं?"

"पाय मुरगळलाय," सर्जेराव म्हणाले.

पुढे साडेचार वर्षं आम्ही हसनाबादला होतो. तो पाय काही बरा झाला नाही.