मी इथून हलणार नाही

मी एक तीन पायांचा बाक बोलतोय. चौथा पाय मोडला, तेव्हा शाळेच्या बाईंनी त्या जागी दोन विटा लावल्या. कीव करू नका, त्याची मला चीड आहे.

सुतारानं मला तिघांसाठी केलं, पण पोरं दाटीवाटीनं पाच बसायची. दोन खोल्यांची शाळा, एकट्या बाई आणि अठरा पोरं. कर्कटकानं कोरलेली त्यांची नावं अजून माझ्या अंगावर आहेत.

एक दिवस विरोधी पक्षाचे पुढारी आले. आवाजामुळे लोक त्यांना भोंगा म्हणतात. शाळांच्या निधीचं विधेयक येतंय, सरकारला हा मोडका बाक दाखवतो म्हणाले, आणि मला टेम्पोत घातलं. सभागृहात माझ्याकडे बोट दाखवून ते तासभर बरसले. मी पुरावा म्हणून रीतसर जमा झालो. काय सांगू, माझी मान ताठ झाली होती.

मग बंद खोलीत तडजोड झाली. मला दाराबाहेरच ठेवलं होतं, सगळं ऐकलं. सरकार नवे बाक देणार. बदल्यात विसापेक्षा कमी पोरांच्या शाळा बंद करायला भोंगा पाठिंबा देणार. म्हणजे माझं गाऱ्हाणं सांगून माझीच शाळा उडवली. बाहेर आल्यावर हे गृहस्थ माझ्यावरच बसून बिस्कीट खात होते. विटा शाळेतच राहिल्या, नाहीतर एक तरी त्यांच्या पायावर पाडली असती.

महिन्यानं बाई आल्या. शाळा बंद करायला आलेल्या साहेबांनीच त्यांना मला परत न्यायला पाठवलं होतं. सामानाच्या वहीत चार बाक, खोल्यांत तीन; यादी पुरी जुळल्याशिवाय कुलूप लावता येत नाही, असा नियम. बाई नियमाच्या पक्क्या.

भोंगा समोरून आले. जरा ओशाळून म्हणाले, "बाई, राजकारणात थोडं द्यावं लागतं."

"द्यायचं तर आपलं द्यावं," बाई म्हणाल्या. "ती अठरा पोरं तुमची नव्हती."

सभागृहाच्या कारकुनानं कागद पुढे केला. सही करा, बाक न्या. बाईंच्या सहीशिवाय मला कुणी हलवू शकत नाही, हेही त्यानंच सांगितलं. बाईंनी पेन उघडलं. माझ्यावरची नावं बघत राहिल्या. मग पेनाला टोपण लावलं.

"सभागृहाचा पुरावा आहे," त्या म्हणाल्या. "मी कशी नेऊ?"

जाताना वाकून माझ्यावरची धूळ पुसली आणि हळूच म्हणाल्या, "दोघी जणी पुढच्या वर्षी पहिलीत येतायत, की झाली वीस पोरं. तेवढं वर्ष दम धर."

तेव्हा साहेबलोक, माझ्यावर बसा, फायली टाका, पण मला घरी पोचवायची दया दाखवू नका. तिकडे शाळा भरतेय. मी दम धरलाय, तीन पायांवर.