घड्याळकाकांनी बुजवलेला झरोका

मित्रांनो, मान वर केल्याशिवाय मी कुणाला दिसत नाही, आणि घरात आलेली माणसं सहसा मान वर करत नाहीत. मी एक जुना झरोका आहे. छताच्या थोडा खाली, भिंतीत हातभर रुंद, तिरप्या लाकडी पट्ट्यांचा. माझी एक बाजू खोलीत आणि दुसरी अंगणात. आतली शिळी हवा बाहेर सोडायची, एवढंच माझं काम. त्याबद्दल कधी कुणी शाबासकी दिली नाही आणि मी ती मागितलीही नाही.

माझं लाकूड एका पाडलेल्या गोदामाच्या दाराचं. त्यात गंजके खिळे निघाले, सुताराच्या रंध्याचं पातं मोडलं आणि त्याने मला मनसोक्त शिव्या घातल्या. अशा थाटात माझा जन्म झाला. मला या घरात आणलं ते घरमालक काकांच्या पुतणीने. ती घरांचे नकाशे काढते. हे घर तिने आपल्या काका-काकूंसाठी आखलं होतं. भिंती जाड, त्यांच्या पोटात भुशाचा थर, खिडक्यांना दुहेरी काचा. हिवाळ्यातलं ऊन आत यावं आणि उन्हाळ्यातलं बाहेरच राहावं अशी छपराची वळचण. अंघोळीचं पाणी छतावर उन्हाने तापायचं. विजेची गरज कमीत कमी पडावी, हा सगळ्याचा हेतू.

सावलीच्या बाजूची छोटी खोली काकूंची. तिथे मला बसवताना काका खाली उभे राहून कुरकुरत होते.

“एवढं सगळं घट्ट बांधायचं आणि इथे भोक ठेवायचं? ऊब निघून जाईल ना!”

“थोडी जाईल काका, जाऊ दे,” पुतणी म्हणाली. “काकू तिची कोळशाची शेगडी सोडणार नाही, मला माहीत आहे. घर घट्ट असलं की हवेला वाट ठेवावीच लागते. खाली दाराची फट, वर हा झरोका. या दोघांना तेवढा हात लावू नका.”

काकांनी मान डोलावली. पण काका पडले घड्याळं दुरुस्त करणारे. उभा जन्म एका डोळ्याला भिंग लावून, फटी शोधण्यात गेलेला. फटीतून धूळ शिरली की घड्याळ मेलं, ही त्यांच्या धंद्याची पहिली शिकवण. म्हणून सगळे त्यांना घड्याळकाका म्हणायचे. फट दिसली की त्यांचा हात शिवशिवायचा.

सुरुवातीची वर्षं सुखाची होती. काकू खोलीत शेगडी पेटवून बसायच्या, शेंगा सोलायच्या, स्वतःशीच गुणगुणायच्या. धूर आणि जड हवा माझ्यातून बाहेर जायची. काकूंचं गाणं बेसूर होतं, पण मला आवडायचं.

मग घराचं कौतुक सुरू झालं. एवढ्या मोठ्या घराला एवढीशी वीज, म्हणून लोक बघायला येऊ लागले. काका त्यांना आधी मीटरपाशी न्यायचे. “बघा, हलतोय का? डोळे फाडून बघा!” लोक वाहवा करायचे आणि काकांची छाती फुगायची. पुढे पुढे त्यांना मीटरशिवाय काही सुचेना. दिवा राहिला चालू की ओरडा, हीटर लावला की कपाळाला आठी. नाकापेक्षा मोती जड झाला होता. काकू बिचाऱ्या अंगावर शाल ओढून घ्यायच्या.

शेवटी माझ्यातून जाणारी ऊबही काकांना खुपू लागली आणि त्यांनी शेगडी अंगणात नेऊन ठेवली. शेगडीच नाही तर भोक कशाला, असा त्यांचा हिशेब. त्यांनी माझ्या मापाची फळी कापली. पाण्यात चालणाऱ्या घड्याळाला बसवतात तशी रबराची कडी तिच्याभोवती लावली आणि ती आतून माझ्यावर घट्ट ठोकली. वर पांढरा रंग. दाराखालीही रबराची पट्टी. काम इतकं सफाईदार की, इथे झरोका होता हे सांगूनही कुणाला पटलं नसतं. मला आतलं दिसेनासं झालं. ऐकू मात्र येत राहिलं, आणि तेच वाईट झालं.

त्या हिवाळ्यात आभाळ दिवसचे दिवस भरलेलं होतं. ऊन नाही, म्हणून पाणी तापलेलं नाही, भिंतीही गार. त्यात दुपारी काही मंडळी घर बघायला येणार होती.

“अहो, गुडघे अगदी आखडलेत,” काकूंचा आवाज आला. “जरा हीटर लावू का?”

“आज नको गं! मंडळी मीटर बघणार. गरगर फिरताना दिसला तर हसं होईल माझं.”

“बरं. राहू दे.”

“थोडा वेळ काढ. ती गेली की लाव हवा तेवढा.”

काका फाटकाकडे गेले. काकू अंगणात आल्या तेव्हा मला बाहेरच्या बाजूने दिसल्या. त्यांनी शेगडीत कोळसे घातले, फुंकून फुलवले आणि धूर सरल्यावर ती उचलून आत नेली. नवऱ्याची फजिती होऊ नये आणि आपले गुडघेही शेकले जावेत, एवढाच त्यांचा विचार. मग खोलीचं दार लागल्याचा आवाज आला. मित्रांनो, धुमसत्या कोळशातून जो विषारी वायू निघतो, त्याला ना रंग ना वास. मी त्याला वाट द्यायला बसलो होतो आणि माझ्या तोंडावर फळी होती.

काकू गुणगुणत होत्या. मग थांबल्या. “डोकं का दुखतंय बाई,” असं म्हणाल्या. खुर्ची सरकली. उठायचा प्रयत्न केला असावा. मग शेंगांचं ताट खाली पडलं आणि नंतर काहीच ऐकू आलं नाही. मी ओरडू शकत नाही. माझ्यातून वारा गेला तर मी वाजतो, पण वाराच अडवलेला होता.

बऱ्याच वेळाने पावलं जवळ आली. काका मंडळींना सांगत होते, “आणि ही आमच्या हिची खोली! सावलीकडची असली तरी कुठे फट सापडते का बघा. एक कण ऊब बाहेर जात नाही.”

दार उघडलं. पुढचं मी तुम्हाला सांगणार नाही. डॉक्टर आले, पण उशीर झाला होता.

पुतणी धावत आली, तिची पावलं माझ्या खालीच येऊन थांबली. “काका, इथला झरोका कुठे गेला?” तिने विचारलं.  सगळे गेल्यावर काका स्टुलावर चढले आणि ती फळी त्यांनी पकडीशिवाय, नुसत्या बोटांनी उचकटली. नखं फाटली. “अगं, मी बंद केलं गं,” एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मला त्यांचा राग होता. अजूनही आहे. पण त्या दिवशी त्यांच्याकडे बघवलं नाही.

आता घर बघायला कुणी येत नाही. थंडी पडली की काका या खोलीत हीटर लावून ठेवतात, दिवसभर. मीटर गरगर फिरतो. तिकडे ते फिरकतही नाहीत. सगळी ऊब माझ्यातून अंगणात निघून जाते आणि मला ती अडवता येत नाही.

मित्रांनो, वीज जरूर वाचवा. भिंती जाड बांधा, ऊन घरात घ्या. पुतणीचं काही चुकलं नव्हतं. फक्त घराला हवेची वाट ठेवा, आणि मीटर बघून झाला की घरातल्या माणसालाही विचारा, थंडी वाजते का म्हणून. काका हल्ली रोज विचारतात. दार हळूच उघडतात, आत डोकावतात आणि रिकाम्या खुर्चीला विचारतात.