पाण्यातलं झाड

“काठावर झाड आहे?” मॅडमनी विचारलं.

“नाही,” पाणीवाला म्हणाला.

“आणि पाण्यात?”

पाण्यात होतं. टेबलावर पसरलेल्या वर्तमानपत्रातल्या चित्राच्या फोटोत ते चांगलं ठसठशीत दिसत होतं. तळ्याचा डावा काठ मोकळा, वर नुसतं गवत आणि आभाळ, आणि खाली पाण्यात मात्र अख्खं एक झाड उलटं पडलेलं. जे झाड काठावर नाहीच त्याचं प्रतिबिंब पाण्यात पडलं होतं, आणि चित्रातलं पाणी होतं पाणीवाल्याच्या हातचं. चोर शोधायला लांब जायला नको होतं.

मुकादम शेजारी हात मागे बांधून उभा होता. जिन्यातच त्यानं अंग काढून घेतलं होतं, “मी मध्ये पडणार नाही हां. तुमचं तुम्ही निस्तरा.”

“बसा,” मॅडम म्हणाल्या.

बावीस वर्षांत त्यांनी त्याला कधी बसायला सांगितलं नव्हतं. त्यामुळे तो आणखीच घाबरला आणि खुर्चीच्या कडेवर टेकला.

“ऐका काय लिहिलंय ते.” मॅडमनी चष्मा लावला. “‘समरस शैलीने आजवर निसर्ग आणि माणूस यांचा सुसंवाद रंगवला. या चित्रात ही शैली प्रथमच शोक करते आहे. झाड गेले, पण पाण्याला ते अजून आठवते.’” त्यांनी पेपर खाली ठेवला. “कालपासून चार फोन आले मला. हे तुम्हाला सुचलं कसं, म्हणून विचारत होते.”

“मग काय सांगितलंत, मॅडम?” मुकादमानं लाडात विचारलं.

“म्हटलं, आतून आलं.”

खालच्या शेडला कारखाना म्हणायची बंदी होती, चित्रशाळा म्हणायचं. पण पत्र्याच्या लांबलचक शेडमध्ये सहा माणसं ओळीनं उभी राहून एकच चित्र पुढं पुढं सरकवतात, त्याला दुसरं काय म्हणणार? आधी आभाळवाला, मग डोंगरवाला, मग झाडवाली, मग पाणीवाला, आणि शेवटी गवत काढणाऱ्या दोघी. तिथून चित्र वर मॅडमकडे जायचं. त्या बारीक ब्रशनं एक पांढरा पक्षी काढायच्या आणि कोपऱ्यात सही करायच्या. दवाखान्यांत, हॉटेलांत, मोठमोठ्या कचेऱ्यांत ही चित्रं लागत. माणसं त्यांच्यासमोर दोन मिनिटं थांबत आणि बरं वाटलं म्हणत.

खोटं कशाला बोला, शैली मॅडमचीच होती. तीस वर्षांपूर्वी ती त्यांनी एकटीनं, स्वतःच्या हातानं उभी केली होती. आभाळातला निळा थोडा डोंगरात सोडायचा, डोंगरातला जांभळा थोडा झाडात, आणि सगळ्यांतलं थोडं थोडं पाण्यात. कुणी कुणाशी भांडत नाही असं चित्र. पुढे मागणी वाढली, हात दोनच, म्हणून माणसं ठेवली. माणसांना नावं होती, पण शेडमध्ये हाका कामावरून मारत, आणि हळूहळू घरच्यांनाही तीच सवय लागली.

पाण्याला स्वतःचं असं काही नसतं. वर जे असेल ते खाली ओढायचं, ओल्या स्पंजनं थोडं विस्कटायचं, आणि कोरड्या ब्रशचे तीन आडवे हात मारायचे की झालं पाणी. म्हणजे पाणीवाल्याचं निम्मं काम दुसऱ्यांचं काम बघण्याचं. आभाळावरून त्याला कळायचं की आज आभाळवाला घरी भांडून आलाय. आणि डाव्या हाताला उभ्या राहणाऱ्या झाडवालीचं तर त्याला सगळंच कळायचं. पहिलं वर्षभर त्यानं तिच्याकडे न बघता फक्त तिच्या झाडांकडे बघितलं, आणि मग तिच्याशी लग्न केलं.

डाव्या काठावर ती नेहमी एक झाड काढायची, पाण्याकडे झुकलेलं. त्याचा बुंधा मध्येच वाकायचा. लहानपणी तिचं मनगट मोडून वाकडं बसलं होतं, त्यामुळे लांब सरळ रेघ मारायला गेली की निम्म्यात हात वळायचा.

“तुझं झाड लंगडतंय,” तो म्हणायचा.

“मग पाण्यात सरळ करून घ्या की,” ती म्हणायची.

त्यानं कधी सरळ केलं नाही. ह्यापेक्षा गोड बोलणं दोघांनाही येत नव्हतं.

गेल्या वर्षी ती पोटाच्या दुखण्यानं गेली, तीन महिन्यांत. मॅडम घरी येऊन गेल्या. “माझा उजवा हात गेला हो,” दारातच त्या म्हणाल्या, आणि सगळ्यांना भरून आलं. त्यालाही. त्या शब्दशः खरं बोलत होत्या हे त्याच्या ध्यानात आलं चार दिवसांनी, कामावर ब्रश धुताना.

झाडं डोंगरवाल्याकडे गेली. डोंगरवाला मन लावून झाडं काढायचा, पण ती डोंगरच दिसायची, वर पानं लावलेले. वाकडं झाड तर बंदच झालं. डावा काठ मोकळाच बरा दिसतो, असं मॅडमचं मत पडलं.

आणि मग एका मंगळवारी हे घडलं. त्यानं गडद हिरव्यात थोडा तपकिरी कालवला, चपटा ब्रश डाव्या काठाला टेकवला, खाली ओढला, अर्ध्यावर वळवला, आणखी खाली नेला, फांद्या फोडल्या. बावीस वर्षं जे करत आला तेच केलं. कोरडे तीन हात मारून चहासाठी मागे सरला तेव्हा त्याला दिसलं. त्यानं वर काठावर बघितलं, तिथे काही नव्हतं. मग त्यानं डावीकडे बघितलं, तिला सांगायला. तिथे डोंगरवाला उभा राहून कान कोरत होता.

ओल्या फडक्यानं पुसलं असतं तर दोन मिनिटांचं काम. त्यानं फडकं भिजवलंसुद्धा, आणि मग ते पिळून परत वाळत घातलं. हे झाड त्यानं काढलं नव्हतं. इतक्या महिन्यांत तिचा फोटो बघून, तिची साडी कपाटातून काढून जे झालं नव्हतं ते इथे आपोआप झालं होतं. पाच मिनिटं तो नुसता त्याच्यापुढे उभा राहिला आणि त्याला फार बरं वाटलं. मग मुकादम ‘गाडी थांबलीय’ म्हणत आला आणि चित्र उचलून पुढे घेऊन गेला. गवतवाल्यांनी गवत काढलं, मॅडमनी पक्षी काढून सही केली. कुणालाच काही दिसलं नाही.

“अशी चोवीस हवीत मला,” मॅडम म्हणत होत्या. “दोन महिन्यांत. हेच झाड, हाच वाकडा बुंधा. नावसुद्धा ठरलंय प्रदर्शनाचं, ‘स्मृतिजल’.”

“मला नाही जमणार ते, मॅडम.”

“का? एकदा काढलंत की.”

“काढलं नाही. आलं ते.” त्याला नीट सांगता येईना. “आमच्या हिचं झाड आहे ते.”

मॅडमनी चष्मा काढला. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं, त्यात काही ढोंग नव्हतं.

“किती सुंदर,” त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, “बाहेर कुणाला बोलला नाहीत ना हे?”

मुकादमानं घसा खाकरला. नाही म्हणून उठून जावं असं पाणीवाल्याच्या मनात होतं. पण परत मागवून भिंतीला टेकवून ठेवलेलं ते चित्र त्याला मघापासून दिसत होतं, आणि नाही म्हटलं तर ते इथेच राहणार होतं.

“मी काढतो चोवीस,” तो म्हणाला. “पण मला हे द्या. बाकी काही नको.”

“हे म्हणजे?”

“हे पहिलं.”

“प्रदर्शन झालं की न्या,” मॅडम म्हणाल्या. “शब्द देते.”

घरी त्यानं लेकीला सांगितलं. लेक औषधांच्या दुकानात कामाला होती, आणि बोलण्यात आईवर न जाता थेट कुणातरी तिखट माणसावर गेली होती.

“आणि आईचं नाव? ते कुठे लागणार?”

“तिथे नाव नसतं लागत कुणाचं. समरस म्हणजे सगळ्यांनी विरघळून जायचं असतं.”

“मॅडम नाही विरघळल्या त्या? सही दिसते की कोपऱ्यात.”

“चित्र घरी येईल ना. मला तेवढं पुरे.”

“तुम्हाला तेवढं पुरतं, बाबा, म्हणूनच ते तेवढंच देतात,” ती म्हणाली आणि ताटं आवरायला उठली.

चोवीसांतल्या पहिल्या चित्राला तीन दिवस लागले. हात मुळी वळेचना. झाड सरळसोट आलं, विजेच्या खांबासारखं, आणि ते पुसावं लागलं. दुसऱ्यांदा इतकं वाकलं की गवतवाल्या हसायला लागल्या. शेवटी त्यानं वर्तमानपत्रातला फोटो कापून चित्राच्या चौकटीला चिकटवला आणि त्यात बघून काढलं. आपलीच चूक आपण पेपरात बघून गिरवतोय, हे त्याच्या ध्यानात आलं, पण करतो काय.

“जरा आणखी दुःखी करा,” मुकादम मागून म्हणायचा.

दहाव्या चित्राशी त्याला गुरुकिल्ली सापडली. काठापासून चार बोटं खाली यायचं, तिथे मनगट वळवायचं, मग सात बोटं. पंधराव्याला फोटोची गरज उरली नाही. अठराव्याला तो डोंगरवाल्याशी त्याच्या गुडघेदुखीबद्दल बोलता बोलता झाड काढत होता.

एका दुपारी ब्रश धुताना त्याच्या लक्षात आलं की सकाळपासून दोन चित्रं झाली आणि तिची आठवण एकदाही आली नाही. त्याला स्वतःची शिसारी आली. मग त्यानं मनाची समजूत घातली. ह्या चोवीसांत ती नसली तर नसू दे. पहिल्यात आहे. ते काही शिकून काढलेलं नाही. ते एकदा घरी आलं की बाकीचं सगळं विसरता येईल.

प्रदर्शन जोरात झालं. शेडमधल्या माणसांना बोलावण्याची पद्धत नव्हती, त्यामुळे त्यानं ते पेपरातच बघितलं. मॅडम एका झाडासमोर मान किंचित कलती करून उभ्या होत्या. पुढे तीन-चार आठवडे तो मुकादमाला रोज आठवण करत राहिला, आणि मुकादम रोज ‘शब्द दिलाय ना’ म्हणत राहिला.

एका रविवारी सकाळी मुकादम स्वतःच चित्र घेऊन घरी आला. खाकी कागदात, सुतळीनं बांधलेलं.

“मॅडमनी शब्द पाळला बघा,” तो म्हणाला.

“पहिलंच आहे ना?”

“म्हणजे काय, पहिलंच.” मुकादमानं पाणी मागितलं, अर्धा पेला प्यायला. “आता त्याचं काय झालं, तिथे सगळ्यांच्या फ्रेमा बदलल्या. मागच्या चिठ्ठ्या होत्या जुन्या फ्रेमांना, त्या तिकडेच गेल्या. पंचवीसच्या पंचवीस एका भिंतीला टेकवलेली. मॅडमनी स्वतः निवडून काढलं हे. म्हणाल्या, हेच असेल.”

“असेल?”

“अहो, काढलंय तुम्ही. तुम्हाला नाही कळणार तर कुणाला कळणार?” त्याच्या बोलण्यात कपट नव्हतं. उरलेलं पाणी पिऊन तो गेला.

लेकीनं सुतळी कापली, कागद काढला आणि चित्र खुर्चीवर टेकवून ठेवलं.

“हेच ना, बाबा?”

त्यानं चष्मा पुसून लावला. झाड बघितलं. काठापासून वाकापर्यंत बोटं लावून बघितली, चार भरली. पण ही चार बोटं त्यानं मुळात पहिल्याच्या फोटोवरूनच बसवलेली, म्हणजे पहिल्यातही चारच. फांद्या बघितल्या. कोरडे तीन हात बघितले. कुठे ब्रश अडखळलाय का, कुठे रंग कमी-जास्त पडलाय का, हे तो खालीवर शोधत राहिला. एक चित्र जरा वाईट आलं असतं तरी काही कळलं असतं. पण त्यानं एकही वाईट काढलं नव्हतं. आयुष्यभर त्यानं काम चोख केलं होतं आणि हेही चोखच होतं. त्या चोखपणात ती कुठे आहे, आहे की नाही, हे त्याला सांगता येत नव्हतं.

लेक वाट बघत होती. दुकानातली सगळी भांडणं भांडून थकलेल्या त्या तोंडावर आज कधी नव्हे ती आशा होती.

“हेच,” तो म्हणाला.

“नक्की?”

“तुझ्या आईचं झाड मला ओळखू येणार नाही होय?”

ती हसली. तिनं हातोडी आणली, त्यानं खिळा धरला. टेबलासमोरच्या भिंतीवर तिनं चित्र लावलं, दोनदा लांब जाऊन सरळ आहे का बघितलं. “इथे बरं,” ती म्हणाली. “जेवताना रोज समोर दिसेल.”

दुपारी जेवायला बसताना त्यानं आपली खुर्ची उचलून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला नेली आणि चित्राकडे पाठ करून बसला. लेक वाढता वाढता थांबली. तिनं त्याच्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. मग त्याचं ताट तिनं त्या बाजूला सरकवलं.