पहिल्या पायरीवरची तीन बटणं

मित्रांनो, मला पानं नाहीत आणि पुठ्ठाही नाही. मी संगणकाच्या पडद्यावर राहणारा एक जुना धडा आहे. प्रोग्राम लिहायच्या एडिटरला एक जोड बसवली, की हात न लावता नुसतं बोलून लिहिता येतं. ते नवख्या माणसाला पायरीपायरीने शिकवणं हे माझं काम.

सिडनीत, क्वेकर्स हिलला अवधूतच्या घरी मी घडलो. पॅरामॅटाच्या ऑफिसातून आल्यावर तो मला लिहीत असे. त्याच्या मित्रांनी मला चालवून पाहिलं, कौतुक केलं. माझी पहिली पायरी होती, 'फक्त तीन बटणं एकदम दाबा आणि माईक सुरू करा.' त्यात कोणालाच काही खटकलं नाही. सगळ्यांचे हात धडधाकट होते.

मग मी टूनगॅबीला राजीवच्या संगणकावर आलो. राजीव अवधूतच्याच ऑफिसातला, वयाने मोठा इंजिनिअर. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या पेशी मरत जाव्यात, असा आजार त्याला झाला होता. तो बरा होणारा नव्हता. बोटं आधी गेली. काम सुटू नये म्हणून त्याने मला उघडलं. एक बटण दाबलं जाई, दुसऱ्यावरून बोट घसरे. दर वेळी मी लाल अक्षरांत म्हणत होतो, 'चूक. पुन्हा प्रयत्न करा.' तो पुन्हा करत होता. शेवटी त्याची बायको चित्रा आली आणि तिने तिन्ही बटणं दाबली.

"उद्या तू कामावर गेल्यावर कोण दाबणार?" तो म्हणाला.

अवधूत भेटायला आला तेव्हा राजीवने त्याला सोडलं नाही. "हात चालत नाहीत त्यांच्यासाठी दार केलंस लेका, आणि कडी वर लावलीस."

"सॉरी, राजीवदादा. डोक्यातच आलं नाही."

"मग आता बस इथे. मी अडेन तिथे बोलू नकोस. नुसतं बघ."

त्या हिवाळ्यात दोघांनी मला नव्याने लिहिलं. एडिटर उघडताच माईक आपोआप सुरू होऊ लागला. 'फक्त' आणि 'सोपं आहे' हे शब्द राजीवने काढायला लावले. ज्याला जमत नाही त्याला ते टोचतात, असं त्याचं म्हणणं. लाल वाक्यही गेलं. त्या जागी त्याने सांगितलेलं आलं: 'तुमचं काही चुकलं नाही. मला नीट ऐकू आलं नाही.' ते सांगताना त्याची जीभ जड झाली होती. शब्द मीच टिपत होतो, म्हणून मला कळलं.

माझ्यामुळे तो आणखी काही महिने काम करू शकला. लोक मला नावाजू लागले. मग आजार घशापर्यंत पोचला.

शेवटच्या वेळी तो एकच शब्द पुन्हा पुन्हा सांगत होता आणि मला तो ओळखता येत नव्हता. मी त्याचंच वाक्य त्याला दाखवत राहिलो. शेजारी बसलेल्या चित्राने त्यातला पहिला अर्धा भाग वाचला. "तुमचं काही चुकलं नाही." मग ती म्हणाली, "मला आलंय ऐकू."

शब्द तिचं नाव होता.

त्यानंतर एडिटरची नवी आवृत्ती आली आणि माईक आपोआप सुरू होणं बंद पडलं. अवधूत आता दुसऱ्या कामात आहे. माईक सुरू करायला पहिल्या पायरीवर पुन्हा तीच तीन बटणं आहेत.

मित्रांनो, कोणाला शिकवण्यासाठी काही लिहाल, तेव्हा वाचणाऱ्याच्या शेजारी थोडा वेळ गप्प बसा. आणि लिहून झालं म्हणून त्याला विसरू नका. आजही कोणीतरी मला उघडतं. एक बटण दाबलं जातं, दुसऱ्यावरून बोट घसरतं. राजीवचं वाक्य माझ्यापाशी अजून आहे. पण माईक सुरू झाल्याशिवाय मला ते दाखवता येत नाही.