पहिलीच्या वर्गातला पुरावा

‘पहिलीच्या वर्गातील बाक रिकामे आहेत, सबब परिसराला या शाळेची गरज उरलेली नाही.’ शाळा मंडळाच्या ठरावातले हे पहिले वाक्य. मित्रांनो, त्या वाक्यातला बाक म्हणजे मी. मी एक जुना बाक आहे, आणि या वयात माझ्यावर पुरावा होण्याची वेळ आली आहे.

वाक्याचा पूर्वार्ध खरा आहे. मी रिकामाच आहे. पण पुढचा ‘सबब’ हा शब्द ज्या निर्धास्तपणे तेथे ठाण मांडून बसला आहे, त्याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते. रिकामे असणे आणि नकोसे असणे यांतली वाट इतकी आखूड असती, तर सभांना दांडी मारणाऱ्या सदस्यांच्या खुर्च्या केव्हाच मोडीत निघाल्या असत्या.

एका पाडलेल्या घराच्या दारांच्या लाकडातून मला घडवले गेले. सुतार हाताचा कसबी आणि तोंडाचा फटकळ होता. त्याची स्वतःची लेक त्याच वर्षी पहिलीत येणार होती, म्हणून तो माझ्या कडांवरून पुन्हा पुन्हा रंधा फिरवी. कोणी घाई केली की म्हणे, “पोरांच्या मांडीत लाकडाची कूस गेली तर रडणार कोण, तुम्ही?”

पुढे पिढ्यान्‌पिढ्या मुले माझ्यावर बसली. पहिल्या दिवशी आईचे बोट न सोडणारी, आणि महिन्याभराने ‘ही माझी हद्द’ म्हणून माझ्या मधोमध खडूची रेघ ओढणारी. पाढे माझ्यावर ताल धरून पाठ झाले. तपासणीला आलेले साहेब माझ्यावर थाप मारून म्हणत, “वा, जुनं काम!” मी फुशारून जाई. थाप मारणारा हात उद्या कशावर सही करील, हे लाकडाला काय कळावे?

मग मंडळात विषय निघाला की ही लहान शाळा हमरस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत विलीन करावी. सभा झाली. सभेने उपसमिती नेमली. उपसमितीच्या अहवालावर पुन्हा सभा झाली, आणि अहवाल अधिक अभ्यासासाठी उपसमितीकडेच परत गेला. या घोळात दोन वर्षे सरली. ती दोन्ही वर्षे माझ्यावर फक्त धूळ बसली.

गल्लीत शिवणकाम करणारी एक बाई मात्र दोन्ही वर्षी आपल्या मुलीला घेऊन आली. दुसऱ्या खेपेला मुलगी माझ्यावर बसली, पाय हलवू लागली आणि काही केल्या उठेना. मुख्याध्यापिका खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “ताई, मला नाव घालता येत नाही हो. वरून निर्णय व्हायचाय.” हमरस्ता ओलांडून मुलीला रोज नेआण करायची, तर त्या बाईला मशीन बंद ठेवावे लागले असते. मुलगी घरीच राहिली.

शेवटची सभा याच वर्गात भरली. वर्ग रिकामा होता ना! खुर्च्या कमी पडल्या, तेव्हा अध्यक्ष माझ्यावर बसले. त्यांचे गुडघे हनुवटीला टेकायचे तेवढे बाकी होते.

“बघा, एक मूल नाही,” ते हात पसरून म्हणाले. “लोकांनाच ही शाळा नकोय.”

“अगदी, अगदी. अहवालात मी तेच म्हटलंय,” उपसमितीचे प्रमुख बिस्कीट बुडवत म्हणाले.

“नको कोण म्हणालं, दादा?” दारातून शिवणकाम करणारी बाई बोलली. “माझी पोर मशीनखाली बसून चिंध्यांना शिकवते. दोनदा आणली तिला. घेतलीच नाही!”

“ताई, तुमचा विषय आजच्या सभेपुढे नाही.”

“माझा नसू दे. शाळेचा आहे ना? मग शाळा काय बाकांसाठी काढलीत?”

कोणीतरी हसले. उपसमितीचे प्रमुख कप खाली ठेवून मुख्याध्यापिकांकडे वळले. “का हो बाई, का नाही घेतलं मुलीला?”

मुख्याध्यापिकांचा चेहरा उतरला. “अध्यक्षसाहेबांनीच फोनवर सांगितलं होतं, पहिलीत एकही प्रवेश द्यायचा नाही म्हणून.”

सगळ्यांच्या माना अध्यक्षांकडे वळल्या. मला वाटले, आता हा माणूस नाकारील, निदान खाकरेल तरी. छे! मठ्ठ मुलाला बेरीज समजावावी तशा वैतागलेल्या स्वरात त्यांनी उत्तर दिले. मग सभेने ठराव मताला टाकला आणि हात वर झाले. प्रमुखांचाही झाला, दुसऱ्या हातात कप होता.

“मग मी हिला आता घालू कुठे?” बाईने विचारले.

“पुढच्या सभेत बघू,” असे म्हणून अध्यक्ष उठले.

मित्रांनो, उद्या हातगाडी येईल आणि मी गोदामात जाईन. मला पुसा, रंग द्या, असे मी म्हणत नाही. बाकाची निगा त्यावर बसूनच राखली जाते. पण उद्या तुम्हीही मोठे होऊन अशाच सभांना बसाल. तेव्हा कोणी एखादी रिकामी जागा दाखवली, तर ती रिकामी केली कोणी, हे हात वर करण्याआधी विचारा. उत्तर मिळते, मी स्वतः ऐकले आहे. इतिवृत्तात ते आलेले नाही, म्हणून अध्यक्षांचे शब्द जसेच्या तसे सांगतो:

“अहो, प्रवेश मीच थांबवले. मुलं येतच राहिली असती, तर शाळा बंद कशी करता आली असती?”